प्रमुख पाहुण्यांचा परिचय

घाटनांदूर,
रविवार, दि. ८ जून २०२५

आदरणीय राजेश्वर काका यांस,
सादर शरणार्थ.

आपण मागितले नसताना आपल्याला पत्र लिहीत आहे, हा आगाऊपणा आहे याची मला जाणीव आहे. त्याबद्दल आधी क्षमा मागते आणि मगच पुढे लिहिते. आपण मला ओळखत असाल असे धरून चालणे हा दुसरा आगाऊपणा होईल, म्हणून ओळख देते. मी स्वप्नाली शेटे, स्टेशन रोडवरच्या भांड्यांच्या दुकानातील आप्पा शेटे यांची मुलगी. २०१८ साली बारावीत केंद्रात पहिली आले म्हणून मठाच्या सभागृहात आपल्या हस्ते माझा सत्कार झाला होता. माझ्या खांद्यावरून शाल घसरून खाली पडली आणि ती आपण उचलून दिलीत. आठवत असेल तर तेवढेच आठवत असेल.

फोन करता आला असता. परंतु फोनवर समोरचा माणूस क्षणभर थांबला की मलाही काही सुचत नाही. कागद मात्र मी सांगून होईपर्यंत थांबतो.

कारण असे की यंदाचा गुणगौरव सोहळा रविवार, दि. २९ जून रोजी आहे आणि प्रमुख पाहुणे म्हणून आपण येत आहात. पाहुण्यांचा परिचय एखाद्या जुन्या सत्कारमूर्तीने लिहून वाचायचा, ही आपल्या गावची रीत आपल्याला ठाऊक आहेच. समितीचे अध्यक्ष नागप्पा काका यांनी यंदा ते काम माझ्यावर सोपविले आहे. "तुझं मराठी चांगलं हाय, आन तू त्यांच्याच लायनीतली," असे ते म्हणाले. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी दोन वर्षांपासून अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविते. तेवढ्याने मी आपल्या लायनीत बसते, असे त्यांना वाटते.

गावात फलक छापणाऱ्या लखनने बसस्थानकासमोर फलक लावूनही टाकला आहे. आपले छायाचित्र, त्यामागे अणूच्या फिरत्या कक्षा आणि खाली "आंतरराष्ट्रीय कीर्तीचे शास्त्रज्ञ".

परिचय लिहिण्यासाठी मला चार गोष्टी हव्या आहेत. आपले सध्याचे पद, सध्याची संस्था, सध्या चाललेल्या कामाचे स्वरूप, आणि हे काम आपण कोणत्या वर्षापासून करीत आहात. "सध्या" हा शब्द मी तीनदा लिहिला आहे, तो नजरचुकीने नव्हे.

आणखी एक. यंदाच्या सत्कारात माझी चुलत बहीण रोहिणी आहे. पुण्याच्या एका राष्ट्रीय विज्ञान संस्थेत पाच वर्षांच्या पदवीसाठी तिची निवड झाली आहे आणि तिला भौतिकशास्त्र घ्यायचे आहे. जागा स्वीकारण्याची मुदत ३ जुलै, सायंकाळी पाचपर्यंत आहे. तिचे वडील विश्वेश्वर काका यांनी अद्याप होकार दिलेला नाही. ते एवढेच म्हणतात, "राजेश्वर सांगंल तसं." तेव्हा त्या दिवशी आपण व्यासपीठावरून जे बोलाल, ते आमच्या घरात भाषण म्हणून ऐकले जाणार नाही. तो निकाल असेल.

उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
स्वप्नाली


घाटनांदूर,
शनिवार, दि. १४ जून २०२५

राजेश्वर काका यांस,

आपले उत्तर मोबाइलवर मिळाले. सात वर्षांपूर्वीचा जुना परिचय जसाच्या तसा, आणि त्यावर, "हाच वाच, बेटा. तू छान वाचशील." खाली जोडलेल्या हातांचे चित्र. मी विचारलेल्या चारपैकी एकाही गोष्टीचे उत्तर त्यात नाही.

तर मीच देते. परिचयात म्हटलेल्या पुण्याच्या संशोधन संस्थेत आपण नाही. २०१६ पासून नाही. आपण मुंबईत एका बँकेत आहात.

येथून पुढे मी "तुम्ही" लिहीन. "आपण" लिहिताना हात अडखळू लागला आहे.

हे मला अडीच वर्षांपासून ठाऊक आहे. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्पासाठी तुमचे मार्गदर्शन मिळावे म्हणून मी त्या संस्थेत गेले होते. आधी कळविले नव्हते, कारण कळवायचे म्हणजे फोन करावा लागला असता. आईने तुमच्यासाठी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि धपाटे बांधून दिले होते. पुण्यात असली चटणी मिळत नसेल, असे तिचे म्हणणे. पिशवी मांडीवर घेऊन मी व्हरांड्यात बसले होते. एक वयस्कर प्राध्यापक जाता जाता थांबले आणि कोणाकडे आलीस म्हणून त्यांनी विचारले. तुमचे नाव सांगितले.

"राजेश्वर? तो केव्हाच बँकेत गेला," ते म्हणाले. "फार चांगला होता. पण जागाच निघाली नाही. किती दिवस थांबणार?"

ते तुमच्याविषयी वाईट बोलले नाहीत. उलट हळहळले. मी त्यांना विचारले, केव्हा गेले? त्यांनी वर्ष सांगितले. मग त्या बाकावर बसून मी दोन वर्षे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली. माझी शाल तुम्ही उचलून दिलीत, तेव्हा तुम्हाला बँकेत जाऊन दोन वर्षे झाली होती.

धपाटे परतीच्या बसमध्ये खाल्ले. चटणी वसतिगृहातल्या मुलींनी संपविली. आईला सांगितले, गाठ पडली नाही. त्यात खोटे काही नव्हते.

बँकेत जाणे हा गुन्हा आहे असे मी म्हणत नाही. तुम्ही पीएच.डी. केलीत, दोनदा परदेशी राहून आलात, एक करार संपला की दुसरा केलात, आणि तरीही कायमची जागा निघाली नाही. पोट सर्वांनाच असते. माझा राग तुमच्या जाण्यावर नाही. गेल्यानंतर दोन वर्षांनी मठात उभे राहून तुम्ही माझ्या वडिलांना जे सांगितलेत, त्यावर आहे. शब्द मला पाठ आहेत, कारण आप्पांनी ते पुढे वर्षभर गिऱ्हाइकांना ऐकविले. "आप्पा, पैशाचं काढूच नका. फिजिक्सच्या माणसाला काम हुडकावं लागत न्हाई, काम त्याला हुडकत येतं."

त्यापूर्वी आप्पा मला औषधनिर्माणाच्या पदविकेला घालणार होते. आमच्या दुकानाला लागून असलेला गाळा त्यांनी बोलून ठेवला होता. एका बाजूला भांडी, दुसऱ्या बाजूला माझे औषधांचे दुकान. तुमच्या भाषणानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो गाळा सोडला. आज तेथे मोबाइल दुरुस्ती चालते. मला भौतिकशास्त्रच हवे होते, हे खरे. पण मला जे हवे होते ते किती महाग आहे, हे आप्पांना कळायला हवे होते, आणि ते सांगू शकेल असा घाटनांदूरात एकच माणूस होता.

तुम्ही काय सांगायला हवे होते, ते मी सांगते. पदव्युत्तर शिक्षणानंतर राष्ट्रीय पातळीवरची पात्रता परीक्षा असते. तिच्या वरच्या फळीत आले तर संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळते, सध्या महिन्याला सदतीस हजार. ती पाच वर्षांत संपते, संशोधन मात्र संपेलच असे नाही. वरच्या फळीत न येता नुसते उत्तीर्ण झाले, जशी मी झाले, तर प्राध्यापक होण्याची पात्रता येते आणि जागा येत नाही. कायमच्या प्राध्यापकाला सुरुवातीलाच ऐंशी हजारांच्या वर मिळतात. तोच अभ्यासक्रम, त्याच फळ्यावर, तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या मला वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला पंधरा हजारही पडत नाहीत. सुट्टीत काहीच नाही. आणि जे मिळते ते दर महिन्याला मिळत नाही. सहा-सहा महिन्यांनी, कोणाच्या तरी सहीनंतर.

गेल्या वर्षी एका संस्थेत कायमच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते. मुलाखतीच्या आधी बाहेरच्या टपरीवर एका गृहस्थांनी विचारले, "मॅडम, तयारी किती हाय?" मी म्हटले, "पूर्ण आहे सर, क्वांटम मेकॅनिक्ससुद्धा." ते चहा संपवून म्हणाले, "तुमच्या वडिलांचा नंबर द्या." ती तयारी कशाची, हे मला बसमध्ये बसल्यावर कळले. किती लाख, हे ते आप्पांना विचारणार होते.

हे सगळे २०१८ मध्येही असेच होते. तुम्हाला ठाऊक होते. तुम्ही त्यातूनच बाहेर पडला होता.

आता रोहिणीची पाळी आहे. तिने जाऊ नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. तिने सर्व ठाऊक असताना जावे. म्हणून मी ठरविले आहे की परिचय मी नव्याने लिहीन आणि तुम्ही सध्या कोठे असता, हे त्यात असेल. तुम्ही स्वतःच ते व्यासपीठावरून सांगणार असाल तर तसे कळवा. ती ओळ मी गाळीन. मला तुमची फजिती करायची नाही. आमची एकदा झाली, ती दुसऱ्यांदा होऊ द्यायची नाही.

स्वप्नाली शेटे


घाटनांदूर,
रविवार, दि. २२ जून २०२५

श्री. राजेश्वर तोडकरी यांस,

प्रश्न मी विचारला होता. उत्तर तुम्ही माझ्या वडिलांना दिलेत.

गुरुवारी दुपारी आप्पांना तुमचा फोन आला. मी दुकानाच्या मागच्या बाजूला होते. आप्पा मोठ्याने बोलतात, त्यामुळे त्यांची बाजू मला ऐकू आली आणि तुमची त्यांनीच नंतर सांगितली. पोरगी जरा खचली आहे. पहिल्या प्रयत्नात शिष्यवृत्ती हुकली की असे होते. सांभाळून घ्या. लग्नाचे बघताय की नाही? हे तुमचे मार्गदर्शन. अडीच वर्षांपूर्वी मी ज्याच्यासाठी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, ते अखेर घरपोच मिळाले.

आप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर सोपे गेले असते. त्यांनी पितळेची एक घागर उगाचच एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, "तो लई मोठा माणूस हाय, बाई. त्याला कशाला कागद लिहितीस?"

मी म्हटले, "आप्पा, ते शास्त्रज्ञ नाहीत."

"आसंल," ते म्हणाले. "पण त्यानं आपल्या घरी फोन केला."

माझ्या सात वर्षांच्या अभ्यासापेक्षा तुमच्या चार मिनिटांच्या फोनचे वजन आमच्या घरात जास्त आहे. तुम्हाला हे ठाऊक होते, म्हणूनच तुम्ही मला न करता त्यांना फोन केलात. पत्रात मी काही खोटे लिहिले असते तर तुम्ही मला खोडून काढले असते. खरे होते, म्हणून मला आजारी ठरविलेत.

संध्याकाळी नागप्पा काका आले. परिचय वाचण्याचे काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतले आहे. "तुला स्टेजवर कापरं भरतं, ते काय खोटं न्हाई," असे त्यांनी कारण दिले, आणि ते खोटे नाहीच. परिचय आता रोहिणी वाचणार आहे. जुनाच. माझ्याकडे सत्काराचे नारळ आणि शाली देण्याचे काम आहे, मागच्या दाराशी.

म्हणून मी रोहिणीला सर्व सांगितले. शुक्रवारी आम्ही दोघी दुकानात कळशा पुसत होतो. तिने हातातली कळशी पुसून फळीवर ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे राजेश्वर काका शास्त्रज्ञ न्हाईत. सावकार हायत."

मी हसले. सांगितले, तसे नाही, ते आकडेमोड करतात.

"सावकार दुसरं काय करतोय, ताई?"

तिचा स्वभाव माझ्यासारखा नाही, हे लिहून ठेवते. ती शाळेत बाकावरून उभी न राहता प्रश्न विचारते म्हणून अनेकदा वर्गाबाहेर उभी राहिली आहे. थोड्या वेळाने तिने विचारले, "ताई, तुला परत बारावीच्या निकालाच्या दिवशी नेऊन बसवलं, आन हे सगळं आधी सांगितलं, तर काय घेशील?"

मी कळशी पुसत राहिले. पुसून झालेलीच कळशी होती.

तुम्ही तिला उत्तर देऊ शकता. रविवारी येऊन जुनेच बोललात, तर मी मागच्या दाराशी नारळ घेऊन उभी असेन आणि ऐकत असेन. मला व्यासपीठावर कापरे भरते. दाराशी भरत नाही.

स्वप्नाली


घाटनांदूर,
मंगळवार, दि. १ जुलै २०२५

राजेश्वर काका,

हे शेवटचे पत्र आहे. रविवारी जे घडले ते तुमच्या डोळ्यांसमोरच घडले, तरीही लिहिते, कारण तुम्ही व्यासपीठावरून पाहिलेत आणि मी मागून पाहिले. तुम्हाला पाठी दिसल्या नसतील.

रोहिणीने जुना परिचय चांगला वाचला. शाळा, पहिला क्रमांक, पीएच.डी., परदेश, सगळे स्पष्ट. "आंतरराष्ट्रीय कीर्तीचे भौतिकशास्त्रज्ञ" येथे लोकांनी टाळ्या वाजविल्या. टाळ्या थांबल्यावर तिने कागदाची घडी घातली आणि ध्वनिक्षेपकावरच म्हणाली, "काका, ह्याच्या पुढं काय लिहिलेलं न्हाई. आता तुमी कुठं असता?"

मी तिला हे करायला सांगितले नव्हते. तिने मला आधी काही सांगितलेही नव्हते. नागप्पा काका हसत म्हणाले, अगं बस की आता, आणि तिच्या हातातून ध्वनिक्षेपक घेऊ लागले. तेव्हा तुम्ही उठलात. मला वाटले, आता तुम्ही देश आणि विज्ञान यांवर बोलाल. तुम्ही सभागृहाच्या शेवटापर्यंत पाहिलेत. माझ्याकडे पाहिलेत की दाराबाहेर उभ्या गाडीकडे, हे मला कळले नाही.

"मी फिजिक्स सोडून नऊ वर्षं झाली," तुम्ही म्हणालात. "बँकेत हाय. कोणतं कर्ज बुडंल, कोणतं न्हाई, त्याचं गणित मांडतो."

हे लिहिताना माझ्या मनात तुमच्याविषयी आदर आहे. तो तेथपर्यंतचा आहे.

माझ्या हातातला नारळ मला जड वाटू लागला. नंतर पुरुषांच्या बाजूने लखन, ज्याने स्वतः तो फलक छापला होता, म्हणाला, "मंग पगार किती हाय, काका?" आणि तुम्ही सांगितलात. महिन्याला साडेचार लाख. उत्तर देण्यापूर्वी तुम्ही जराही थांबला नाहीत.

शास्त्रज्ञासाठी वाजल्या त्याच्या दुप्पट टाळ्या बँकेसाठी वाजल्या. नागप्पा काकांचे डोळे भरून आले. "ह्याला म्हणतात आपल्या गावचं पोरगं," ते म्हणाले. पुढच्या रांगेतल्या पाठी ताठ झाल्या, लोक एकमेकांकडे वळून आकडा पुन्हा सांगू लागले, एक बाई मागे वळून मला म्हणाली, "ऐकलं का स्वप्ने, महिन्याला हां, वर्षाला न्हाई." मी ज्या सत्यासाठी तीन पत्रे लिहिली, जे सांगितल्यावर तुमची मान खाली जाईल म्हणून तुम्ही सात वर्षे लपविलेत, ते बाहेर पडले आणि तुमचा दुसऱ्यांदा सत्कार झाला. आपण दोघांनीही गाव ओळखले नव्हते.

आणि तुम्ही आकड्यापाशी थांबलात. खाली बसलात. जागा का निघाली नाही, हे नाही. किती वर्षे वाट पाहिलीत, हे नाही. बँकेने तुम्हाला का घेतले, हेही नाही. तुम्ही अर्धे खोटे सोडून अर्धे खरे धरलेत, आणि त्याचा परिणाम घरी पोचायला एक तासही लागला नाही. सोहळ्यानंतर आमच्या घरी बसलेल्या जेवणाच्या पंगतीतच विश्वेश्वर काका म्हणाले, "राजेश्वरनं एवढं शिकून शेवटी बँकच धरली. मंग रोहिणीनं पाच वर्षं तिकडं कशाला घालवायची? सरळ बँकेचंच कॉम्प्युटर शिकावं." त्यांच्या दृष्टीने भौतिकशास्त्र हा बँकेत जाण्याचा लांबचा रस्ता ठरला. लातूरला एका खासगी महाविद्यालयात त्यांनी सोमवारी चौकशीही केली.

रोहिणी जेवली नाही. मी तुमच्यावर इतकी रागावले होते की तुम्हाला वाढायला आलेच नाही. आईने वाढले. तिने तुम्हाला जाताना चटणीची बरणी दिली, "तवा गाठ पडली न्हाई म्हणून," हे म्हणत. त्या वेळी तुमचा चेहरा पाहण्यासारखा होता, पण मी त्याबद्दल लिहिणार नाही. त्यानंतर जे झाले त्याबद्दल लिहिते, कारण या पत्राचे कारण तेच आहे.

घरातून निघून तुम्ही पुढच्या दुकानातून बाहेर पडत होता. रोहिणी पायरीवर बसली होती, रडून झालेली. तिने हातातल्या पितळी तांब्यावर टिचकी मारली आणि तुमच्याकडे न पाहता म्हणाली, "ह्यात पाणी ओतताना आवाज चढत जातो. भरलेल्यावर टिचकी मारली तर रिकाम्यापेक्षा आवाज उतरतो. एकच तांब्या, एकच पाणी. आसं का व्हतं ते तुमाला ठाव हाय, का विसरलात?"

तिने ते तुम्हाला बोचावे म्हणून विचारले होते. तुम्ही बरणी खाली ठेवलीत आणि इस्त्रीच्या पांढऱ्या विजारीनिशी दुकानाच्या फरशीवर मांडी घातलीत. उत्तर दिले नाहीत. आईकडून पाण्याची घागर मागवलीत. तांब्या भरला, ओतला, परत भरला. रोहिणीला विचारलेत, "ओतताना काय वाजतंय? तांब्या का हवा?" ती विचार करून म्हणाली, हवा. वरची मोकळी हवा कमी कमी होते. "आन टिचकी मारल्यावर?" ती तांब्यावर पुन्हा पुन्हा टिचकी मारून पाहत राहिली. तुम्ही तिला सांगितले नाहीत. मी शिकविते, म्हणून मला ठाऊक आहे, तेवढा वेळ न सांगता बसणे किती कठीण असते. मग ती म्हणाली, "तांब्या. पाणी त्याला जड करतंय, मंग तो सावकास हलतो." तुम्ही मांडीवर जोरात थाप मारलीत. मग फळीवरच्या सगळ्या आकाराच्या कळशा खाली आल्या. चालकाने गाडीचा भोंगा दोनदा वाजविला आणि दोन्ही वेळा तुम्ही नुसता हात हलविलात. विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. आप्पा गल्ल्यावर बसून पाहत होते. साडेचार लाख सांगताना तुमचा चेहरा मी पाहिला होता. हा तो चेहरा नव्हता.

तांब्याचे हे तुम्ही कोणाला सांगणार आहात? बँकेला?

माझ्या प्रयोगशाळेत उज्ज्वला नावाची एक विद्यार्थिनी आहे. गेल्या हिवाळ्यात तिने सोडियमचा पिवळा प्रकाश पहिल्यांदा रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या जाळीतून नीट पाहिला. पुस्तकात लिहिलेले असते की ती एक रेषा नसून दोन आहेत, अगदी चिकटलेल्या. दुर्बिणीला डोळा लावून ती ओरडली, "मॅडम, दोन हायत की ह्या." मग उरलेल्या मुली एकमेकींना ढकलू लागल्या. त्या तासाचे पैसे मला अजून मिळालेले नव्हते. तरीही बसमधून घरी येताना मी एकटीच हसत होते आणि शेजारची बाई सरकून बसली.

रोहिणीच्या प्रश्नाचे उत्तर मला तुमच्यामुळे सापडले, हे लिहायला मला मुळीच आवडत नाही. रविवारी रात्री तिला सांगितले. मी पुन्हा हेच घेईन. पण त्या गाळ्याचे काय करायचे ते आप्पांबरोबर बसून ठरवीन. शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी पहिल्या वर्षापासून करीन, दुसरे एखादे कसब सोबत शिकून ठेवीन, आणि कोणी "पैशाचं काढू नका" म्हणाले तर त्याला तुमचा पगार किती, हे आधी विचारीन. हे सर्व मला कोणी सांगितले असते, तर मी आज एवढी रागावलेली नसते. गरीब कदाचित एवढीच असते.

आता तुमचे काम. काल विश्वेश्वर काकांशी मी स्वतः बोलले. तोंडाने, समोर बसून; माझा आवाज फाटला, तरी बोलले. शिष्यवृत्ती, करार, तासिका, बँक, सारे सांगितले. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तू पंधरा हजारावरची, बाई. तुझं ऐकून पोरगी धाडली तर लोक मला हसतील. राजेश्वरनं सोताच्या तोंडानं सांगितलं तर धाडतो." मला वाईट वाटले नाही, असे लिहिणे खोटे होईल.

तेव्हा त्यांना फोन करा. कीर्ती सांगू नका, आणि नुसता आकडाही सांगू नका. तुम्हाला जागा मिळाली नाही, ते सांगा. रोहिणीलाही कदाचित मिळणार नाही, ते सांगा. बँकेने तुम्हाला कॉम्प्युटरचा वर्ग केला म्हणून नव्हे, तर भौतिकशास्त्राने विचार करायला शिकविले म्हणून घेतले, ते सांगा; तसे नसेल तर नाही म्हणून सांगा. आणि रविवारी दुकानाच्या फरशीवर भोंगा वाजत असताना तुम्ही का उठला नाहीत, हे त्यांना सांगा. ते त्यांनी पाहिले नाही. ते तेव्हा मांडववाल्याचा हिशेब करीत होते.

बुधवार, सकाळ.

हे पत्र रात्रीच संपले होते. जागा स्वीकारण्याचे शुल्क भरल्याशिवाय पाठवायचे नाही असे ठरविले होते, म्हणून थांबले. माझे सहा महिन्यांचे मानधन गेल्या आठवड्यात जमा झाले. आत्ता रोहिणीने आणि मी मिळून तिचे शुल्क त्यातून भरले. तिला अठरा पूर्ण झाली आहेत; सही तिची आहे. हे पैसे परत मिळत नाहीत. विश्वेश्वर काकांना दुपारी जेवताना सांगणार आहोत. रागावतील. त्यांनी आपल्या पायाने तिला पुण्याला नेऊन सोडावे, एवढेच आता उरले आहे, आणि ते माझ्या हातात नाही. भौतिकशास्त्राने मला जे काही दिले ते मी तिच्यावर लावले आहे. तुम्हाला त्याने माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त दिले. तुमच्याकडून फक्त एक फोन मागते आहे.

विश्वेश्वर काका एक वाजता आप्पांबरोबर दुकान बंद करून जेवायला बसतात. त्याआधी फोन करा. केलात म्हणून मी तुम्हाला क्षमा करीन, असे मात्र समजू नका.

स्वप्नाली शेटे

बुधवार, दि. २ जुलै २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पाठविले.